खिडकीखालचा दगड

६ जाने.
गावच्या शाळेची शताब्दी. मुख्य वक्ता मी. सरपंचांचा फोन : "सर, आगीगत बोला. फकस्त जुनं काय उकरू नका." आग माझी, पण काय जाळायचं ते हे ठरवणार! तरी हो म्हणालो.

९ जाने.
गावी गेलो. राधानगरी रस्त्याला लागून ती कौलारू शाळा. घडीव काळ्या दगडाला गुलाबी ऑइलपेंट!! बघवेना. स्मरणिकेत छापलंय : 'येथे पहिल्या दिवसापासून सर्व जातींची मुले एकत्र शिकली.' खोटं. अस्पृश्यांची पोरं पश्चिमेच्या खिडकीखाली, बाहेर, एका लांबट दगडावर बसून शिकायची. सगळ्यांना एकत्र शिकवा, असा संस्थानचा हुकूम निघाला तरी गावानं कित्येक वर्षं त्यांना आत घेतलं नाही. हे ठरवणाऱ्या गावच्या पंचांत आमच्या घरचेही होते.
खिडकीखाली आज दगड नाही. विचारलं, तर "सेल्फी पॉइंटला आडवा येत हुता, दिवाळीच्या सुट्टीत काढला." कुठं टाकला, कुणी सांगेना.

१२ जाने.
खालच्या आळीत तातोबांकडे. त्या दगडावर बसलेल्यांपैकी आता हे एकटेच. मला बघून : "पावणं, वाट चुकलासा व्हय?"
मग म्हणाले, "गुर्जी आमच्या पाटीला शिवत न्हवतं. गजातनं लांबनंच बघायचं. चुकलं की छडी मातर गजातनं भाईर यायची. छडीला इटाळ न्हवता." खो खो हसले. मला हसू येईना.

१५ जाने.
दगड सापडला. कुंपणाजवळ, पिंपळाखाली. पोरांनी बसून बसून मधे खोलगट केलेला, तोच. त्याला शेंदूर फासलाय! नारळ, उदबत्त्या, भोवती रेलिंग. मुलं चपला काढून पाया पडतात.
सरपंच : "जागृत हाय, सर. शाळंचा राखणदार."
"अहो, यावर तातोबा बसायचे."
"बसत असतील की. आता द्येव झालाय न्हवं? आता कुणी शिवायचं न्हाय."
ज्यांना शिवत नव्हतो त्यांचा दगड देव केला, आणि न शिवणं तेवढं तसंच ठेवलं. शिसारी.

१७ जाने.
भाषण लिहिलं, फाडलं. सगळी टाळीची वाक्यं. टाळ्या वाजवतील आणि जेवायला उठतील.
पुन्हा तातोबांकडे. म्हटलं, उद्या त्या दगडावर बसाल? मी शेजारी उभा राहून बोलतो.
तातोबा : "तुमी भाषाण ठोकून कोल्लापूरला जाशीला. मला हितंच ऱ्हायाचं हाय. नातसून ह्याच शाळंत खिचडी शिजवती."
उठलो.
दारातून निघताना मागून : "शेंदूर धोतराला लागला की निघत न्हाय, व्हय की न्हाय?"

१८ जाने., मांडवात
सगळे कडक इस्त्रीत. सरपंच फेट्यात. दोन सत्कार उरलेत, मग मी.
तातोबा आलेत. खुर्ची दिली, घेतली नाही. पिंपळाखाली रेलिंगला काठी टेकवून उभे आहेत, माझ्याकडे बघत.
धोतर जुनं, विटकं नेसलेत.