आईचं विरजण गेलं त्याची हकिगत

ती. अक्कास,

धाकटीचा वाकून नमस्कार. (खरंच वाकले, कंबरेत चमक भरली, म्हणून मुद्दाम कळवते.) तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरने दिलेला पट्टा बांधतेस, की घडी घालून कपाटात ठेवलास? भाचा आणि सूनबाई बरे असतील. नात आता बालवाडीत जाते म्हणे. ती जन्मली म्हणून तू सहा महिन्यांसाठी गेलीस, आणि ती आता आपल्या चपला आपण घालते. तुझे सहा महिने कधी संपतात तेवढं कळव. मी वाट बघत नाही, मला ढीगभर कामं आहेत, सहज विचारलं.

मी मजेत. भिंतीपलीकडे तुझ्या खोलीत आता एक शिंपी राहतो. परवा दूध उतरवलं आणि सवयीने भिंतीवर दोन बुक्के मारले. तू लगेच "आले गं बाई, भिंत पाडतेस का!" म्हणून वाटी घेऊन यायचीस. शिंपी बिचारा कात्री हातात घेऊनच धावत आला. काय झालं म्हणाला. मी म्हटलं, झुरळ होतं. तो म्हणाला, मोठं असेल.

आता वाईट बातमी. मला गोडगोड बोलून सांगता येत नाही, तेव्हा खाली बस आणि वाच. आईचं विरजण मेलं. मीच मारलं म्हणशील, पण पुढचं वाचून मग म्हण.

त्याचं असं झालं, शाळेत सहावीला विज्ञानाच्या नव्या बाई आल्या आहेत. एवढ्याशा, पाठीला दप्तर दिलं तर पोरांत खपून जातील. त्यांनी पोरांकडून पावाचे तुकडे पिशव्यांत बंद करून घेतले. डोळ्यांना न दिसणारे जीव कशाने वाढतात ते बघायचं होतं. एक तुकडा घाणेरड्या हाताने चोळलेला, एक साबणाच्या हाताने धरलेला, एक ओला, एक कोरडा, एक अंधाऱ्या कपाटात, एक उन्हात. हे मला कोणी सांगितलं नाही. (सांगितलं होतं म्हणतात. मी तेव्हा बादली भरत होते, नळाचा आवाज असतो.) आठवड्याने झाडायला गेले तर हिरवी बुरशी आलेला पाव मांडून ठेवलेला, वर चिठ्ठ्या चिकटवलेल्या! म्हटलं, डबा संपवत नाहीत ते नाहीत, वर नावं घालून मिरवतात. सगळ्या पिशव्या फेकल्या आणि जागा फिनेलने पुसून काढली.

दुसऱ्या दिवशी अडतीस पोरं माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी कुणाचं मांजर मारलंय. बाई ओरडल्या असत्या तर मीही ओरडले असते आणि विषय मिटला असता. त्या नुसत्या म्हणाल्या, "मावशी, आता नियम तुम्हीच सांगा." मग मी सांगितला, त्यांनी मोठ्या अक्षरात भिंतीवर लावला: प्रयोगाच्या वस्तूंना मावशींनी हात लावायचा नाही, प्रयोग संपला की पोरांनीच त्यात फिनेल ओतायचं, पिशवीत बांधून टाकायचं, आणि कोपरापर्यंत हात धुवायचे. रोज दारात उभी राहून मी तो घोकून घेतला. पाढ्यांसारखा.

पाव पुन्हा मांडले. ओला तुकडा सगळ्यांत आधी बुरसला, घाणेरड्या हाताचा त्याच्या मागोमाग. पण सगळ्यांत हिरवीगार पिशवी कुठली? पोरांनी एक जास्तीचा तुकडा माझ्या फडक्याने चोळला होता, ती! अक्का, सोळा वर्षं मी त्या फडक्याने बाकं पुसते. एक पोरगी आहे, मी तिला चौकशीबाई म्हणते, ती म्हणाली, "मावशी, मग तुम्ही इतकी वर्षं पुसत होतात की पेरत होतात?" कार्टी.

आता अब्रूचा प्रश्न झाला. बाई म्हणाल्या, सगळे जीव वाईट नसतात, दही त्यांच्यामुळेच लागतं. मी म्हटलं, आमच्या घरी तर माझ्यापेक्षा वयाने मोठे आहेत, उद्या आणते. चमचाभर नेऊन काय दाखवायचं, म्हणून सगळं भांडंच नेलं. (मागे चमचाभर ठेवायचं, हे आईने तुला सांगितलं होतं. मला सांगेपर्यंत मी उठून गेले असेन.) चार वाट्या लावल्या. एकीत उकळतं दूध, एक ऑफिसातल्या फ्रीजमध्ये, एकीत मूठभर मीठ, आणि चौथी कोमट, तुझ्या जुन्या स्वेटरमध्ये गुंडाळून कपाटात. (तो मी घालत नाही. खुंटीवर होता.) कोमट बघायला मी करंगळी बुडवून दहापर्यंत मोजलं, आई करायची तसं. एरवी मी चारलाच बोट काढते, म्हणून तर माझं दही कधी धड लागलं नाही आणि तुझी वाटी भिंतीपलीकडून यायची.

सकाळी तीन वाट्यांत नुसतं दूध. स्वेटरमधली उघडली तर चमचा उभा राहील असं दही! चौकशीबाईने विचारलं, हीच का लागली? बाई म्हणाल्या, ऊब मिळाली, खायला मिळालं, आणि कुणी जागचं हलवलं नाही. मला एकदम काय झालं कोण जाणे. बादली घ्यायला म्हणून नळावर गेले आणि तोंड धूत बसले. साबण डोळ्यांत गेला होता. साबण नव्हता, पण गेला होता.

बाई हेडमास्तरांना दही दाखवायला बोलवायला गेल्या. तेवढ्यात पोरांनी ठरवलं की प्रयोग संपला. मी आले तेव्हा चारही वाट्यांत फिनेल, आईच्या भांड्यात फिनेल, पिशव्यांना गाठी, आणि अडतीस पोरं कोपरापर्यंत ओले हात घेऊन रांगेत उभी. शाबासकीसाठी! काय करणार, दिली. एकेकाला. घोकवलं कोणी होतं?

त्याला नऊ दिवस झाले. दुकानातून विरजण आणून बघितलं, तार सुटते आणि आंबट होतं. दहापर्यंत मोजते, तरीही. भांडं घासून ठेवलंय, पण ते पालथं घालवत नाही.

बाकी सर्व ठीक. काळजी नसावी. सर्वांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. तू निघताना अर्धं विरजण स्टीलच्या डबीत घालून, मांडीवर धरून नेलंस, ते जिवंत असणारच, तू काही मरू देत नाहीस. त्यातलं चमचाभर हवं. नाजूक असतं, दुसऱ्या कुणाच्या हातून नको. स्वतः घेऊन ये. स्वेटर धुऊन ठेवलाय, झोपायची सोय माझ्याचकडे.

ता. क. २. बाई म्हणतात, विरजण स्वच्छ कापडावर वाळवलं की साध्या पाकिटातूनही जातं, दुधात पडलं की पुन्हा जिवंत होतं. हे मला ऐकू आलं नाही, नळाचा आवाज होता. तूही भाच्याला सांगू नकोस. पाकीट आलंच तर मी ते न उघडता, फिनेल ओतून, बांधून टाकीन. नियम आहे.