बेडूकसुद्धा नसलेला ओढा

उत्तर मिशिगन, १४ जून

तीर्थरूप ऊर्होमामांस रेइनोचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे उभ्यानेच). तुमचा गुडघा कसा आहे? लेम्पीमामींचा खोकला? माझी प्रकृती तुम्ही विचारत नाही, हे तीन आठवडे बघतोच आहे.

परवाच्या शनिवारी मामींनी फोनवर कळवलं, सौनाची, त्या वाफेच्या न्हाणीघराची, चूल बिघडली आहे, येऊ नकोस. तुमच्या धुराड्यातला धूर माझ्या खिडकीतून दिसत होता. एकतीस वर्षं दर शनिवारी त्या वरच्या फळीवर तुमच्या डाव्या हाताला बसून घाम गाळला. आता घरच्या नळाखाली उभा राहतो आणि रडू येतं, खोटं कशाला सांगू.

एकतीस वर्षंच मी मासेमारीचं सदर लिहितो आहे, पण ओढ्याचं नाव कधी छापलं नाही ("उत्तरेकडचा एक ओढा", बस. नाव फोडणाऱ्याला कोणी जेवायलासुद्धा बोलावत नाही, हे तुम्हीच शिकवलंत). नव्या संपादकबाई (वय सव्वीस, मासा फक्त डब्यातला पाहिलेला) म्हणाल्या, नाव द्या, नाहीतर सदर बंद. बायको गेल्यापासून माझ्याकडे त्या सदराशिवाय आहे काय? म्हणून युक्ती केली. जिथे काहीच नाही, तिथलं नाव द्यायचं. तुम्ही माझ्या लहानपणापासून सांगत आलात, कोस्कीच्या ओढ्यात बेडूकसुद्धा नाही. मी बेधडक छापलं. हातभर ट्राउट मासे वगैरे सगळं मनचं.

अंक निघाला त्या रविवारी गंमत बघायला गेलो, तर चाळीस गाड्या, आणि लोक खरोखरच हातभर ट्राउट ओढताहेत. पलीकडच्या काठावर तुम्ही, हातात गळाची जुनी बांबूची काठी.

"साठ वर्षं, रेइनो," तुम्ही म्हणालात. "लेम्पीलाही सांगितलं नव्हतं."

मामा, गावात तुमच्या शब्दावर विश्वास ठेवणारा मी एकटाच निघालो. तरी चूक माझीच. क्षमा करा.

तुमचा भाचा,
रेइनो

ता. क. : मागच्या अंकात मी कबूल केलं, की ते सगळं खोटं होतं, तिथे मासे नाहीत. ते वाचून या रविवारी ऐंशी गाड्या आल्या. बाई खूश आहेत, आणखी नावं मागताहेत. मी राजीनामा दिला.

ता. क. २ : तेव्हा शनिवारी मोकळाच आहे. चूल दुरुस्त झाली असेल तर खालच्या, गार फळीवर बसेन.

ता. क. ३ : लांबतळ्यातही बेडूकसुद्धा नाही, असं तुम्ही नेहमी म्हणता. लिहायला नाही विचारत. आपल्या दोघांना आता कुठेतरी जावं लागेलच ना.