चार हजार उल्लेखांचा फ्लेक्स

मु. पो. आष्टी, ता. परतूर

तीर्थरूप शीतलआत्यास, कल्याणचा शिरसाष्टांग नमस्कार.

तुझी तब्येत, तुझी प्रयोगशाळा आणि अंडी उबवायचं तुझं मशीन, सगळं ठीक असेल असं धरून चालतो. इकडं अण्णा बरे आहेत, आई बरी आहे, म्हैस व्याली. मी बरा न्हाई. फोनच करणार होतो, पण फोनवर तू "मीटिंगमध्ये आहे" म्हणतेस (दर वेळी कसली मीटिंग, पण असो), म्हणून कागदावर लिहून राह्यलो. कागद कट करता येत न्हाई.

गोपीकिशनजींची कनिका तुला माहीत नसेल. इथल्या बियाण्याच्या दुकानवाल्यांची पोरगी. मी अर्ध्यात सोडलेल्या वर्गात ती होती (प्राचार्यांशी भांडण झाल्तं, चूक त्यांची, तेही असो) आणि यंदा ती बीएस्सी झाली. एवढी वर्षं ती माझ्याशी बोलत आली. काय बोलली? तुझ्याविषयी! अंड्यातल्या पिल्लाचं काळीज पहिल्यांदा धडकतं ते कोणत्या जनुकाच्या हुकमावरून, हे तू शोधलंस. तो लेख कितीतरी वर्षं कुणी उघडूनसुद्धा पाह्यला न्हाई. मंग एकाएकी परदेशातले शास्त्रज्ञ आपापल्या लेखांत तुझं नाव घ्यायला लागले. हे सगळं मला तिच्याकडून कळलं. आपल्या घरात तर "शीतल पुण्यात अंड्यांचं काहीतरी करते" इथंच गाडी थांबलेली. तुझे उल्लेख चार हजार झाले त्या दिवशी कनिका अशी काही हसली, की मला वाटलं, आता आपण काहीतरी केलंच पाहिजे.

केलं. चौकात फ्लेक्स लावला.

"आष्टीची कन्या डॉ. शीतल यांचे चार हजार उल्लेख पूर्ण झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!" तुझा चांगला फोटो सापडला न्हाई, म्हणून संस्थेच्या वेबसाइटवरचा टाकला. त्यात तू पांढऱ्या कोटात, हातात अंडं धरून उभी. सकाळी टपरीवर जो तो विचारायला लागला, आत्या जिल्हा परिषदेला उभी राह्यली का, आणि चिन्ह अंडं मिळालं का. रामकिसनकाका (माळकरी माणूस) म्हणाले, "पोरगी गुणाची आहे, पण अंड्याचं बटण मी दाबणार न्हाई." मी सगळं समजावून सांगितलं, तर म्हणे, "चार हजार लोकांनी नुसतं नावच घेतलं? मत एकानं न्हाई दिलं?" मी भडकलो. बाक उलटला. कुणाला लागलं न्हाई, चहा तेवढा सांडला.

पण खरा घात खाली शुभेच्छुकांत झाला. आम्हा पोरांच्या फोटोंच्या रांगेत मी कनिकाचाही फोटो टाकला होता. तिला न विचारता. गोपीकिशनजी दुकान उघडायला चालले होते, ते थांबले, चष्मा पुसला, आणि मला जवळ बोलावून अगदी थंड आवाजात म्हणाले, "बेटा, बाकी सगळे सुपारीएवढे. माझीच पोरगी परातीएवढी काहून?"

मी शिडी आणायला पळालो.

दुपारी फ्लेक्स उतरला, संध्याकाळी कनिकाचं एमएस्सीला जाणं रद्द झालं. जालन्याच्या सळईवाल्यांचा हर्ष तिला पाहायला येऊन राह्यला. कनिकानं मैत्रिणीच्या हाती एकच निरोप धाडला, तो जसाच्या तसा लिहितो: "तुझ्या आत्यांचे निम्मे उल्लेख त्यांचं चुकलं म्हणणाऱ्यांचे आहेत. तरी त्या काम करून राह्यल्या. माझं काम तर तू सुरू व्हायच्या आधीच बंद पाडलंस."

आत्या, चूक काढायला घेतलेलं नावही मोजतात, हे मला बिलकुल माहीत नव्हतं. त्या हिशोबानं आष्टीत मी तुझ्या पुढं निघून गेलो. भाजीवाली गोजरबाईसुद्धा मला पाहून गिऱ्हाइकाला म्हणते, "हाच तो परातवाला." जेवण जात न्हाई. आई म्हणते, उष्णता आहे, सब्जा पी. सब्जा पिऊन राह्यलो. काही फरक न्हाई.

आता पुरे करतो. डोळ्यांत पाणी आलंय (आईनं मिरच्या भाजायला घेतल्यात).

तुझा, कुठल्याच कामाचा नसलेला भाचा,
कल्याण

ता. क. खरं काम हे. गोपीकिशनजींना संस्थेच्या कागदावर पत्र लिही, की कनिकाला पुण्यात एमएस्सीला घाला, मी माझ्या प्रयोगशाळेत तिला काम शिकवते, मुलींच्या वसतिगृहात माझ्या नजरेखाली राहील. काल दुकानात जाऊन मी त्यांच्या पाया पडलो. म्हणाले, "मॅडमचं पत्र आलं तर सळईवाल्यांना थांबवतो. पण तू पुण्यात पाय ठेवायचा न्हाई." मी म्हणालो, बराबर. जल्दी लिही, पुढच्या रविवारी ते लोक येतात.

आणखी एक. हे मी सांगितलं असं तिला कळू देऊ नको.

अगदी शेवटचं. लेखाच्या खाली, ज्यांची मदत झाली त्यांचे आभार मानायला जागा असते म्हणे. तिचा पहिला लेख निघाला तर तिथं माझं नाव नको. अगदीच घालावं वाटलं तर नुसतं आडनाव घाल. आपल्या आडनावाची आष्टीत चाळीस घरं आहेत, गोपीकिशनजींना पत्ता लागायचा न्हाई.