जर्मनीत भाजली सुकट

प्रिय संजूचे बाबा,

सप्रेम जय भीम.

ते 'प्रिय' रंजनाचं बरं का. पत्रात लिहावं लागतं म्हणाली सूनबाई. तुम्ही होतात तोवर मी कधी म्हटलं नाही, आता म्हटलं तर हसू नका. सांगते मी, लिहिते ती. मधेच "आत्याबाई, हे राहू द्या" म्हणते. तिला बजावलंय, हात तुझा, तोंड माझं.

तुम्ही आता कुठंच नाही, हे मला ठाऊक आहे. आपण तसलं काही मानत नाही. तीन वर्षं झाली, मी तुमच्या फोटोशी एक शब्द तरी बोलले का? पण मागच्या महिन्यात आपल्या नातीनं फोनवर तुम्हाला मधे घातलं. "आजी, आजोबा असते तर म्हणाले असते, ब्रेड जळाला असं लिही. व्हय ना?"

तेव्हाच ठरवलं, तुमच्याशी एकदा भांडायचंच.

तर ऐका. प्रज्ञा जर्मनीत आहे. मशीनचं मोठं शिक्षण शिकते. तुम्ही वाळूजच्या कंपनीत ज्या मशीनपुढं उभं राहून पाय सुजवलेत, ते बनवायचं शिक्षण. तिकडची भाषा घशातून बोलतात, खाकरल्यासारखी. आधी पोरगी दुकानात मुकी उभी राहायची. आता दुकानदाराशी हुज्जत घालते. माझ्यावर गेली.

पण जेवणाचे हाल! ते लोक संध्याकाळी चूलच पेटवत नाहीत हो. गार पाव, गार चीज, झालं जेवण. पोरगी व्हिडिओवर दिसायची तर गालफडं आत गेलेली. म्हटलं, बाई, मी डब्यात सुकट दिली होती, तिचं काय केलंस? म्हणाली, "आजी, होस्टेलचं किचन सगळ्यांचं आहे. वास येईल."

हे 'वास येईल' कुणाकडून शिकली ती? सांगा की!

बजाजनगरच्या त्या खोलीत तीस वर्षं तुमचा एकच कायदा. सुकट भाजायची तर आधी खिडकी लाव, दाराच्या फटीत ओलं फडकं कोंब, मग तीन उदबत्त्या लाव. घरमालकीण मला म्हणायची, "वहिनी, किती देवभोळे हो तुम्ही! सारख्या उदबत्त्या." आणि तुम्ही खाली मान घालून हसायचात. मोर्चात तुमचा आवाज सगळ्यात मोठा. घरी आलात की खिडकी बंद! कंपनीत डब्याला कायम बटाटा. कुणी आडनाव विचारलं की तुम्ही गाव सांगायचात. "आम्ही सिल्लोडकडचे."

त्याआधीची खोली वासावरूनच दोन दिवसांत सोडावी लागली होती, ते मी विसरले नाही. संजू कडेवर होता, भांडी पोत्यात होती. तुम्ही डोक्यावरचं छप्पर जपलंत. मान्य. पण पुढं बजाजनगरला प्रज्ञा पाटावर बसून ते फडकं, त्या उदबत्त्या बघत होती, आणि पोरं लई नीट बघतात.

तर तिनं एका रविवारी तुमचाच कायदा जर्मनीत लावला. किचनच्या खिडक्या लावल्या. दाराखाली टॉवेल. उदबत्त्या तीन नाही, पाच! मग तव्यावर सुकट टाकली.

तिथं छताला धुराची घंटा असते म्हणे. ती अशी कोकलली की चार मजल्यांची पोरं-पोरी स्लिपरवर बर्फात. आगीचा बंब आला! टोप्या घातलेले चार उंच गडी किचनात शिरले, तर आपली प्रज्ञा हातात उलथनं घेऊन उभी. मी फोनवर इतकी हसले की कवळी सांभाळावी लागली. ती मात्र रडत होती.

कारण दुसऱ्या दिवशी त्या इमारतीच्या व्यवस्थापक बाईंचं पत्र आलं. काय शिजवत होतीस, खिडक्या का लावल्या होत्या, लेखी कळव. उत्तर पटलं नाही तर खोली सोडावी लागेल. पुन्हा खोली, बघा!

तिच्या मजल्यावर आपल्याकडच्या दोघी पोरी आहेत. दोघींनी सल्ला दिला, "ब्रेड जळाला म्हण ना. सुकट लिहिलंस तर उद्या आपल्या सगळ्यांनाच नाकं मुरडतील." आणि एकीनं हळूच विचारलं, "तुमच्यात असलं खातात का गं?"

तुमच्यात!

सात समुद्र ओलांडून गेली पोरगी, आणि तो शब्द तिच्या आधी जाऊन खुर्ची टाकून बसलेला!

"आजी, काय लिहू?" म्हणाली. आणि मग ते तुमचं नाव. मी म्हटलं, "तुझे आजोबा तेच म्हणाले असते. पण ते आता नाहीत, मी आहे. सुकट लिही. आपण खातो, लिही. खिडकी लाजून लावली, तेही लिही."

"लाजून?"

"मग काय थंडीनं?"

दोन दिवस फोन नाही. रंजनाला विचारा, मी भाकर धड खाल्ली का! पोरीला मी बेघर करते की काय, असं वाटायचं. तुम्हाला त्या वर्षांत काय वाटत असेल, ते तेव्हा कळलं मला. एवढं एकदाच कबूल करते, फुशारून जाऊ नका.

तिनं लिहिलं. सुकटीला तिकडं शब्द नाही म्हणून सुकटच लिहिलं, खाली समजावून सांगितलं. खाली सही. पूर्ण आडनावानिशी.

तर ती बाई स्वतः आली. सुकटीचा डबा हुंगला, तोंड वाकडं केलं. "वास येतो," म्हणाली. येतोच की! आम्ही कुठं नाही म्हणतो? आणि मग बाई चिडली कशावर, तर बंद खिडकीवर! तिकडं म्हणे बर्फ पडत असला तरी सकाळ-संध्याकाळ खिडक्या सताड उघडायच्या. तसा रिवाजच आहे. रोज काय हवं ते शिजव, पण खिडकी उघड, असं दरडावून गेली. खोली राहिली.

ती 'तुमच्यात'वाली आता प्रज्ञाशी कामापुरतं बोलते. प्रज्ञाला वाईट वाटतं. मला नाही वाटत.

आता माझा शब्द ऐका. पुढच्या साली पोरीच्या पदवीचा सोहळा आहे. मी जाणार. संजूला पासपोर्टच्या कामाला लावलंय, तो म्हणतो, "आई, या वयात?" ह्याच वयात! त्या किचनात मी उभी राहीन, सुकट करीन, भाकरी थापीन आणि अख्खा मजला जेवायला बसवीन. पहिलं ताट त्याच पोरीपुढं ठेवीन. खाल्लं तर बरंच झालं. नाही खाल्लं, तर तिचा वाटा मी सगळ्यांसमोर, तुमच्या नावानं खाईन.

तुमची,
गयाबाई

(सांगितलं तसं लिहिलं. दोन शिव्या तेवढ्या गाळल्या. – रंजना)