दक्षिणेच्या खोलीतला होकार

मकासर, ४ मार्च

ती. सौ. बुआताईस,
लिम्बोंगचा शि. सा. न., मुलांना पापे.

आपल्या डोंगरपट्ट्याच्या विकास आराखड्याचं काम माझ्याकडे आलंय. रस्ता आणि कॉफीचं खरेदी केंद्र आपल्या गावाला मिळू शकतं, फक्त प्रत्येक घरच्या वडीलधाऱ्यानं होकार द्यायला हवा. एक घर अडलं तरी रस्ता पलीकडच्या खोऱ्यात जाईल. मग तुझी पोरंही इतरांसारखी बोर्निओच्या मळ्यांत राबायला जातील, आणि ते मला बघवणार नाही.

पाहणीला पाठवलेली वेनिंग जावाची, अगदी नवखी. ती म्हणते, आपल्याकडे दक्षिणेच्या खोलीत आजोबा भेटले, फार गप्पिष्ट. ऐकून मला घाम फुटला. बाबा तर गेल्या सुगीतच गेले. मग तिच्याशी बोललं कोण? भाओजींचे काका आलेत का? लगेच कळव.

माया असू दे.
तुझा लिम्बोंग

बातु लिको, ११ मार्च

चि. लिम्बोंगास अनेक आशीर्वाद.

शहराचं पाणी बरंच लागलं की तुला! बळीचे रेडे जमून अंत्यविधी होईपर्यंत आपल्यात गेलेला माणूस घरातच निजवायचा, आजारीच म्हणायचा ना? पोरगी आली तेव्हा मी कॉफी वाळत घालायच्या घाईत होते. बाबा आजारी आहेत, जरा त्यांच्याजवळ बस, एवढंच तिला म्हटलं. ती परमुलखातली, हे ध्यानातच आलं नाही. खोलीत दुसरं कुणी नव्हतं रे.

मी रोज ताट नेते, गावच्या बातम्या सांगते, तर माझ्याशी अवाक्षर नाही. आणि परक्या पोरीशी गप्पा! खरं सांगू, भीतीपेक्षा मला रागच जास्त आला. पण रस्त्याचं काय म्हणाले? सगळं गाव त्यांच्या शब्दासाठी थांबलंय. तू कधी येतोस? वेळेवर जेवत जा.

तुझी काळजी करणारी,
बुआताई

मकासर, १९ मार्च

ती. ताईस नमस्कार.

बाबांनी आनंदानं होकार दिलाय. शेवटी वेनिंगनं नेहमीचा प्रश्न विचारला, रस्ता झाल्यावर या घरात कोण राहील? ते म्हणाले, बुआ नवऱ्यापोरांना घेऊन खाली रस्त्यालगत घर बांधेल. इथं मी आणि लिम्बोंग. वेनिंगला वाटतंय, मी नोकरी सोडून गावी चाललोय. तिनं माझं अभिनंदनही केलं.

ताई, मला फार भीती वाटते. पण बाबांचं अर्धं उत्तर घ्यायचं नि अर्धं टाकायचं, हे कसं जमावं? तुझ्या पोरांचे चेहरे डोळ्यांपुढे आणले आणि होकार वर पाठवून दिला. अंत्यविधीला मी येतोच आहे.

आहे तसाच लोभ ठेव.
लिम्बोंग

बातु लिको, २ एप्रिल

चि. लिम्बोंगास,

रस्ता आपल्याला मिळाला. काल आखणीच्या खुंट्या ठोकल्या. गावानं डुक्कर कापलं, पोरं नाचली. मी मात्र बाबांच्या खोलीत जाऊन भांडले, जन्मात पहिल्यांदा. म्हटलं, त्याचं अजून लग्न व्हायचंय, न्यायचंच तर मला न्या. त्यांच्या शेजारी एक चटई अंथरलेली होती. घरात कुणीच घातलेली नाही. मी ती गुंडाळून माळ्यावर टाकली. सकाळी बघते तर पुन्हा तिथंच, उशीसकट.

आजवर ये ये म्हणून तुझ्या मागे लागले. आता माझं ऐक. रेडे आम्ही जमवू, विधीही आम्हीच करू. रस्ता तू आणलास, पण त्या रस्त्यानं तू येऊ नकोस.

दुरूनच लोभ असू दे, बाळा.
बुआताई