रविवारच्या झोपेची तरतूद

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, धंदा गाद्या-उशा शिवणे, सध्या शिवणे बंद व दुसऱ्यांच्या टाक्यांना नावं ठेवणे चालू, या गल्लीत लहानथोर जिला गादीबाई म्हणतात ती, असे लिहून ठेवते की माझं डोकं पूर्णपणे ठिकाणावर आहे. हृदय तेवढं नाही, असं डॉक्टर म्हणतात. पण मृत्युपत्राला डोकं पुरतं, याची वकीलबाईंकडून खात्री करून घेतली आहे. हे मी राजीखुशीने लिहीत आहे. दडपण आणायला दोन जण येऊन गेले, एक माझा पुतण्या आणि दुसरे आमच्या चर्चचे पाळकसाहेब. दोघांनाही चहा दिला, त्यापलीकडे काही दिलं नाही.

अक्षर माझंच आहे. वकीलबाई समोर बसल्यात आणि दर दोन ओळींनी म्हणतात, "बाई, हे कायद्यात बसत नाही." मी म्हटलं, "मग बसवा की. एवढं शिकलात कशासाठी?"

कलम १. शिवणाचं मशीन, मोठी कात्री, सगळी दाभणं आणि कापसाच्या उरलेल्या गठड्या माझ्या मुलीला द्याव्यात. मुलगी लांबच्या शहरात शाळेत शिकवते. तिला शिवता येत नाही. साधं बटण लावायचं तर अगोदर बोटाला पट्टी बांधून बसते. पण घराचा विषय काढला तेव्हा फोनवर म्हणाली, "आई, घर तुला हवं त्याला दे. मशीन मात्र माझं. त्याच्या खडखडाटात मी लहानाची मोठी झालेय." तिला तिचं घर आहे, तिची काही तक्रार नाही, आणि ते तिने वकीलबाईंना वेगळं लिहूनही दिलंय.

कलम २. माझा नवरा, जिवंत असल्यास. मुलगी रांगत होती तेव्हा तो "जरा बाहेर जाऊन येतो" म्हणून गेला, तो अजून बाहेरच आहे. जाताना मी शिवलेली सगळ्यात चांगली उशी काखोटीला मारून गेला. अभ्रा मात्र दोरीवर वाळत होता, तो राहिला. पिवळ्या काठाचा आहे, कपाटाच्या खालच्या कप्प्यात. तो त्याला पोचता करावा. बाकी मला त्याच्याशी काही बोलायचं नाही.

कलम ३. आमच्या महिला मंडळाच्या चिटणीसबाई. या आत्ता माझ्या शेजारी बसून माझ्या खांद्यावरून वाचताहेत आणि नाकाने मोठमोठे श्वास सोडताहेत, म्हणून हे कलम जरा मोठ्या अक्षरात लिहिते.

नवरा गेला त्या आठवड्यात मी यांना एकट्यांनाच, विश्वासाने सगळं सांगितलं. यांनी बुधवारच्या प्रार्थनासभेत उभं राहून ते देवाला सांगितलं. मोठ्याने. माझं नाव घेऊन. उशीसकट. आता देवाला सगळं अगोदरच ठाऊक होतं. ठाऊक नव्हतं ते मंडळीला. संध्याकाळपर्यंत तेही काम झालं. त्यानंतर बायका भेटल्या की मान एका बाजूला कलती करून "कशी आहेस गं?" विचारायच्या, आणि मी तोंड उघडायच्या आत "धीर धर हं" म्हणून पुढे सरकायच्या. एक म्हणाली जास्त प्रार्थना कर. दुसरी म्हणाली नवऱ्याला क्षमा कर. तिसरी म्हणाली केस तरी नीट विंचरत जा, म्हणजे परत येईल. मूल कोणी हातातून घेतलं नाही.

"अगं, मी चांगल्या मनाने केलं होतं," असं चिटणीसबाई आत्ता म्हणाल्या.

"माहीत आहे. म्हणून तर तुम्हाला अजून घरात घेते."

यांचा माझ्या डुलत्या खुर्चीवर डोळा आहे, हे सगळ्या गल्लीला माहीत आहे. खुर्ची त्यांना द्यायची असं मी ठरवलंही होतं. पण वकीलबाई म्हणतात, जो साक्षीदार म्हणून सही करील त्याला मृत्युपत्रातून काही मिळता कामा नये. म्हणून त्यांनी एकच काहीतरी निवडायचं आहे, खुर्ची किंवा साक्ष. त्या विचार करताहेत. करू देत.

कलम ४. हे कलम कोणाला काही देण्यासाठी नाही. वकीलबाईंनी ते खोडलं होतं, मी पुन्हा लिहिलं. याच्याशिवाय पुढचं कलम म्हणजे म्हाताऱ्या बाईचा हट्ट वाटेल.

मी दिवसभर गाद्या शिवायची. लोकांना झोप लागावी म्हणून कापूस सारखा करून बसवायचा, आणि स्वतःला झोप नाही. मुलगी सारखी आजारी पडायची, रडायची. चिडचिड इतकी व्हायची की कधी कधी मी मशीनवर डोकं टेकून तिच्याहून मोठ्याने रडायची. वेड लागतंय की काय, असं वाटायचं. अशाच एका रविवारी चर्चमध्ये उपदेश चालू असताना बाकावर बसल्या बसल्या मला गाढ झोप लागली. नुसती झोप नाही, घोरले. त्या वेळचे पाळक मोठ्या आवाजाचे. ते थांबले. सगळी मंडळी वळून बघायला लागली.

तेव्हा पहिल्या बाकावरून पाळकीणबाई उठल्या. तरातरा माझ्यापर्यंत आल्या, मांडीवरून मुलगी उचलून खांद्यावर टाकली, स्वतःची शाल माझ्या अंगावर घातली, आणि मागे वळून नवऱ्याला म्हणाल्या, "तुमचं चालू द्या. पण हळू. ती झोपलीय."

आणि त्या भल्या माणसाने उरलेला सगळा उपदेश हळू आवाजात केला! शेवटचं गीतसुद्धा मंडळीने गुणगुणल्यासारखं म्हटलं म्हणे. मला जाग आली तेव्हा चर्च रिकामं होतं, आणि पाळकीणबाई माझ्या लेकीला कडेवर घेऊन बाकांमधून फेऱ्या मारत होत्या. त्यांनी काही विचारलं नाही. "पुढच्या रविवारी आमच्याकडेच ये झोपायला. गादी तेवढी बरी नाही आमची," एवढंच म्हणाल्या. मी गेले. मुलगी शाळेत जाईपर्यंत जात राहिले. कधी झोपले, कधी नुसती बोलत बसले, आणि एकदा त्या मला हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेल्या, मनाच्या डॉक्टरांकडे. म्हणाल्या, "दाढ दुखली तर आपण प्रार्थना करून दाढेच्या डॉक्टरकडे जातोच ना? हे तसंच." त्या बाई नसत्या तर हे मृत्युपत्र लिहायला मी नसते. हे मी पूर्ण शुद्धीवर लिहिते आहे. त्यांना मी एक गादी शिवून दिली होती, ती त्यांनी शेवटपर्यंत वापरली.

कलम ५. घर. माझ्या मालकीचं हे घर, पुढची खोली, मधली खोली, मागची भाड्याची खोली, अंगण आणि गळका नळ यांसह, मी आमच्या चर्चच्या मंडळीला देत आहे, एका अटीवर. दर रविवारी उपासनेच्या वेळेत, आणि आठवड्यात मंडळीला जमेल तेवढ्या दुपारी, या घराचं दार उघडं राहील. जो कोणी बाप किंवा आई एकट्याने मूल वाढवत असेल त्याने मूल आणून द्यावं आणि आत जाऊन झोपावं. झोप येत नसेल तर पडून राहावं. मंडळीतली दोन माहीतगार मोठी माणसं मुलांजवळ नेहमी असतील, एकटं कोणी नाही, आणि खोलीचं दार लावायचं नाही. आलेल्याला "काय झालं?" विचारायचं नाही. त्याने आपणहून सांगितलं तर ऐकायचं आणि पोटात ठेवायचं. त्याने स्वतः म्हटल्याशिवाय त्याचं नाव घेऊन चारचौघांत प्रार्थना करायची नाही. (चिटणीसबाईंनी इथे घसा खाकरला.) "देवाची इच्छा" हे शब्द या घरात कोणी उच्चारले तर त्याला त्या दिवशी भांडी घासायला लावावं.

अट मंजूर नसल्यास घर माझ्या पुतण्याला जाईल. पुतण्या वाईट नाही. त्याला इथे टायरचं दुकान काढायचं आहे.

ही अट कशासाठी, तेही लिहिते. मागच्या खोलीत बसवाला राहतो. बस चालवतो म्हणून बसवाला. बायको गेल्या वर्षी वारली, पदरात लहानगी चिमी. हसरा माणूस, कधी भाडं चुकवलं नाही, कधी आवाज चढवला नाही. काही महिन्यांपूर्वी एका दुपारी दार वाजलं. पाहते तर हा उभा, चेहरा पांढराफटक, चिमी किंचाळतेय. माझ्या हातात तिला देऊन म्हणाला, "मावशी, हिला धरा. मला आज माझीच भीती वाटली." मी एवढंच म्हटलं, "आत जा. झोप." तो संध्याकाळपर्यंत झोपला. तेव्हापासून त्याला हे दार माहीत आहे. मी गेल्यावर त्याने कुठलं दार वाजवायचं? मला मरायचं काही वाटत नाही. हे एकच वाटतं.

पाळकसाहेब मागे आले तेव्हा म्हणाले होते, "मावशी, घर द्या, अट काढा. छान सभागृह बांधू, तुमच्या नावाची पाटी लावू." मी म्हटलं, "पाटीवर कोणाला आडवं होता येईल का?" ते तरुण आहेत, नवे आहेत, वाईट मुळीच नाहीत. म्हणाले, "पण उपासनेच्या वेळेत झोप? चर्चचे पंच काय म्हणतील? आणि उद्या एखाद्या मुलाला काही झालं तर?" शेवटचा प्रश्न खरा होता, म्हणून ती दोन माणसांची आणि उघड्या दाराची गोष्ट वर घातली. बाकीचं तसंच ठेवलं. आज उपासना झाल्यावर पंचांचा निरोप घेऊन येतो म्हणाले होते.

आले. निरोप असा की पंच अटीला तयार नाहीत. पाळकसाहेब उभ्या उभ्याच सांगत होते. मी पुतण्याचं नाव ठळक करायला पेन उचललं, आणि दारात बसवाला. कडेवर चिमी, डोळे लाल. पाळकांना पाहून मागे फिरायला लागला. मी म्हटलं, "अरे, आत ये. हे कुठे तुला खातायत!"

माझ्या हातात पेन. वकीलबाईंच्या मांडीवर कागद. चिटणीसबाईंचे गुडघे त्यांना बसल्यावर उठू देत नाहीत. मोकळे हात एकट्या पाळकसाहेबांचे. बसवाल्याने क्षणभर पाहिलं आणि चिमीला त्यांच्याकडे दिलं. ते म्हणाले, "मला सवय नाही हो, मी कधी..." पण तोवर तो मधल्या खोलीत गेला होता. गादीवर अंग टाकल्याचा आवाज आला, आणि लगेच घोरणं.

चिमीने भोकाड पसरलं. पाळकसाहेबांना घाम फुटला. त्यांनी "अले अले" केलं, चावी दाखवली, चष्मा काढून दिला. चिमीने तो खाली टाकला. चिटणीसबाई म्हणाल्या, "अहो, फेऱ्या मारा, फेऱ्या!" मग ते खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारायला लागले. बऱ्याच वेळाने खोली शांत झाली.

फेऱ्या मारता मारता ते हळूच म्हणाले, "मावशी, आज सकाळी चर्चमध्ये हिचे बाबा मागे दाराशी उभे होते, हिला झुलवत. मी उपदेश करता करता त्यांना खूण केली, आत या म्हणून. ते बाहेर निघून गेले. मला वाटलं, यांना ऐकायचं नाही." आणखी एक फेरी मारून म्हणाले, "एवढी माणसं बसली होती. एकानेही उठून मूल घेतलं नाही. मीसुद्धा नाही."

मला रडू येत होतं आणि वकीलबाई बघत होत्या.

मग तेच म्हणाले, "अट राहू द्या. पंचांशी मी बोलतो. रविवारी एकेका पंचाच्या हातात एकेक मूल देतो आणि मग मत विचारतो. फक्त एक वाढवा. झोपून उठलेल्या माणसाला तसंच घरी पाठवायचं नाही. कोणीतरी त्याच्याबरोबर बसून जेवायचं. उठल्यावर फार एकटं वाटतं." हे मला सुचलं नव्हतं. कलम पाचमध्ये ते धरावं.

पुतण्याला टायरच्या दुकानासाठी माझे आशीर्वाद, दुसऱ्या जागी.

कलम ६. चिटणीसबाईंचा विचार पूर्ण झाला. म्हणाल्या, "खुर्ची राहू दे इथेच. पोरांना झोपवायला लागेल. कुठे करू सही?" म्हणजे खुर्ची घराबरोबर मंडळीकडे जाईल. रविवारी तिच्यावर बसून मूल झोपवायचा पहिला मान चिटणीसबाईंचा. हे देणं नाही, काम आहे, त्यामुळे कायद्यात बसतं. वकीलबाईंनी होकाराची मान डोलावली, आज पहिल्यांदाच.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला, आणि मला तो आवडला. या दोन्ही साक्षीदारांना यातून फुटकी कवडी मिळत नाही. दोघांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

ठिकाण: माझं घर, पुढची खोली.
वेळ: रविवारची दुपार, तारीख वकीलबाईंच्या शिक्क्यात आहे.

सही: गादीबाई
साक्षीदार क्रमांक एक: पाळकसाहेब
साक्षीदार क्रमांक दोन: चिटणीसबाई

कोर्टासाठी खुलासा: साक्षीदार क्रमांक एक यांची सही वेडीवाकडी असून रेघेच्या बाहेर गेलेली आहे. कोणी शंका घेऊ नये. ती त्यांचीच आहे आणि ते पूर्ण शुद्धीवर होते. त्यांनी ती डाव्या हाताने केली, कारण उजव्या हातावर चिमीला नुकतीच झोप लागली होती.