परगावी गेलेल्याचं ताट

३ ऑक्टोबर, गुरुवार

या रोजनिशीच्या पहिल्याच पानावर मी शौचालयाच्या सपातांविरुद्ध रीतसर तक्रार नोंदवत आहे. दारात बूट काढायचे, घरातल्या सपाता घालायच्या, चटयांच्या खोलीपाशी त्याही काढायच्या आणि शौचालयात शिरताना तिथल्या वेगळ्या चढवायच्या. या शेवटच्या सपाता सोवळ्या की ओवळ्या, यावर धर्मशास्त्रात एक प्रकरण सहज निघेल. त्यातून त्या माझ्या टाचेच्या दोन बोटं अलीकडेच संपतात. तरुणपणी ओसाकात सहा वर्षं दुभाष्याची नोकरी केली, तेव्हाही हेच दुःख होतं. मधल्या काळात या देशाने एवढी प्रगती केली, पण सपाता तेवढ्याच राहिल्या.

बाकी सगळं उत्तम. सत्तेचाळिसाव्या वर्षी मी पुन्हा विद्यार्थी झालो आहे. पुण्यात संस्कृत शिकवणारा मी, इथल्या देवळांतली जुनी सिद्धम् लिपी शिकायला उत्तरेतल्या या सफरचंदांच्या गावी आलो. माझे प्राध्यापक माझ्याहून बरेच लहान आहेत आणि गुरू कोण हे विसरून मलाच कमरेत वाकून नमस्कार करतात. विद्यापीठाच्या कचेरीतले नारिता म्हणाले, आपला अदलाबदलीचा करार एकास एक आहे. आमचा एक पोरगा तुमच्याकडे गेला, तुमचे तुम्ही आलात; पूर्वी राजेलोक ओलीस बदलायचे ना, तसं.

तो पोरगा म्हणजे काझुमा कुदो, वय एकवीस. मी उतरलोय त्याच्याच घरी, त्याच्याच खोलीत. घरात फक्त त्याची आई. पुढच्या सप्टेंबरात मी परत जाईन. लेक मैत्रेयी तोवर दहावीत असेल आणि संस्कृत तिला मीच शिकवायचं आहे. विमानतळावर तिने तसा शब्द घेतलाय, वर "बुडवलात तर बघा" अशी धमकीही दिलीय.

७ ऑक्टोबर, सोमवार

कुदोबाई रोज संध्याकाळी तीन पानं मांडतात. तिसरं काझुमाचं. परगावी गेलेल्या माणसाचं पान घरी मांडलं की तो तिकडे उपाशी राहत नाही, अशी इकडची जुनी रीत. ओसाकात नुसती ऐकली होती. भात, मुळ्याचं लोणचं, त्याच्या आवडीचा भाजलेला बांगडा आणि झाकण घातलेलं सूप. जेवणं झाली की बाई वाडग्याचं झाकण उचलून आतून न्याहाळतात. थेंब धरले असतील तर मुलगा सुखरूप. मग त्या पानाला म्हणतात, "लवकर परत ये हं."

गरम सुपावर झाकण घातलं तर थेंब धरणारच, हे पदार्थविज्ञान मी भाताच्या घासाबरोबर गिळलं. पिंडाला कावळा शिवण्याची वाट पाहणाऱ्या माणसाने दुसऱ्याच्या झाकणाला हसू नये.

तरी त्यांनी ओळखलंच. म्हणाल्या, हसताय काय सोहोनी-सान, तुमचं पान मांडतं का तिकडे कुणी? म्हटलं, आमच्याकडे नवरा परगावी गेला की बायको आठवडाभर खिचडीवर भागवते. त्या हसल्या नाहीत. "मग तुमचं कसं व्हायचं?" असं खरोखरीच्या काळजीने विचारलं आणि मला काय आवडतं ते खोदून खोदून काढून घेतलं. मीही वरणभात, वर साजूक तूप, लिंबाची फोड, असं सविस्तर निरूपण केलं.

१३ ऑक्टोबर, रविवार

इथे रात्रीचं जेवण लवकर, म्हणजे घरची दुपार. रविवारी त्याच वेळी फोन लावायचा असं ठरलंय. बायकोने, मृणालने, आज काझुमाला जेवायला बोलावलं होतं. बिचारा चमच्याशिवाय फार हाल होऊन जेवला म्हणे. पण जेवल्यावर ताट उचलून विसळून ठेवलं. "तुमच्यापेक्षा बरा आहे," हिचा शेरा. मैत्रेयी मागून ओरडली, बाबा, तो माझं होमवर्क जपानीत करतो म्हणतोय!

२७ ऑक्टोबर, रविवार

काझुमा आता एक दिवसाआड घरी येतो. आठवड्या-दोन आठवड्यांत हाताने भात कालवायला शिकला. तूप मागून घेतो. पावसात भिजून आला म्हणून हिने माझा निळा सदरा दिला, तर बरोब्बर बसला. मी म्हटलं, एकवीस वर्षांच्या पोराला माझा सदरा? माझं पोट कुठे ठेवलं त्याने? ही म्हणाली, कुठेतरी ठेवलं असेल, छान दिसत होता.

हसलो. पण मग जेवताना मन लागेना. सारखा उठून खिडकीपाशी जात होतो. बाहेर सफरचंदांच्या बागेत काढणी संपलेली, सगळी झाडं हात रिकामे करून उभी.

३ नोव्हेंबर, रविवार

एक विचित्र गोष्ट झाली. आमच्या सात पिढ्यांत कुणी मासा शिवलेला नाही. कुदोबाई माझ्यासाठी वेगळं शिजवतात. आज बोलण्याच्या नादात समोर पाहिलं, तर ताटलीत बांगड्याचा काटा पडलेला. अख्खा. चॉपस्टिकने सोडवून, मुंडक्यासकट, बाजूला नीट ठेवलेला. मी खाल्लेला. माझ्या हातांना ते येत होतं.

कुदोबाई म्हणाल्या, लहानपणापासून तू असाच काटा सोडवतोस.

मी म्हटलं, कुदोबाई, मी सोहोनी. त्या म्हणाल्या, हो हो, आणि चहा ओतला.

आज फोन लावला तर मृणाल घाईत होती. पानं वाढायची होती. किती पानं, ते मी विचारलं नाही.

१० नोव्हेंबर, रविवार

बर्फ पडायला लागलं. सबंध दिवस खोलीत येरझाऱ्या. पुस्तक उघडलं, मिटलं. व्याकरणात एक सोय असते: मूळ वर्ण जातो, त्याच्या जागी दुसरा येऊन बसतो आणि जुन्याचे सगळे हक्क नव्याला मिळतात. वर्गात हे मी किती चवीने शिकवायचो. मूळ वर्णाचं पुढे काय होतं, असं एकाही पोराने कधी विचारलं नाही.

मैत्रेयीचा निरोप आला : चाचणीत संस्कृतला पैकीच्या पैकी. "बाबांनी करून घेतलं." कोणत्या बाबांनी, गं? मी तर इथे –

एवढं लिहिलं, पण पाठवलं नाही. पोरीला वाटायचं बापाला थंडी बाधली.

१७ नोव्हेंबर, रविवार

तिसऱ्या पानावर आज बांगडा नव्हता.

वरण होतं. भाताची मूद. वर तुपाची धार. लिंबाची फोड.

माझ्यापुढे बांगडा.

जेवण झालं. बाईंनी झाकण उचललं, उजेडात धरलं. थेंब होते. समाधानाने म्हणाल्या, सोहोनी-सान सुखरूप पोचले बरं का, काझुमा. भला माणूस. मग पानाकडे वळून, अगदी मायेने, "तिथेच सुखी राहा."

परत ये म्हणाल्या नाहीत.

१८ नोव्हेंबर, सोमवार

पहिल्या बसने कचेरी गाठली. नारितांना म्हटलं, मला आजच परत जायचंय. पासपोर्ट आणि ओळखपत्र टेबलावर ठेवलं. त्यांनी फोटो पाहिला, मग मला पाहिलं. फोटो माझाच होता. मिशीसुद्धा माझी. मनात म्हटलं, सुटलो.

ते म्हणाले, अरेच्चा, सोहोनी-सान विसरून गेले वाटतं! बरं झालं आणलंस, कुदो-कुन, मी पाठवून देतो. आणि दोन्ही पाकिटात घालून पाकीट चिकटवलं. मी ओढायला हात घातला, तेव्हा सगळी कचेरी खाली मान घालून कामाला लागली. इथे लाजिरवाणं काही घडलं की असंच करतात.

नारितांनी हळूच विचारलं, भारत झेपला नाही का रे? होतं असं. आईला फोन करू?

स्वच्छतागृहाच्या आरशात पाहिलं. मीच आहे. सत्तेचाळीस वर्षांचा, पिकलेल्या मिशीचा मी – मग यांना काय दिसतं –

२० नोव्हेंबर

बाईंवर ओरडलो. आयुष्यात प्रथमच एका वडीलधाऱ्या बाईवर. माझं पान उचला म्हटलं. तिथे कुणाला जेवायला घालताय तुम्ही.

रडल्या नाहीत. पांघरूण आणून खांद्यावर टाकलं. म्हणाल्या, पाठवताना मी एकदाच चुकले. आता नाही तुला जाऊ द्यायची.

२२ नोव्हेंबर

पान उधळलं. वरण चटईवर.

बाईंनी पुसलं. नवं मांडलं. झाकण उचललं – थेंब –

२३ नोव्हेंबर

बस नाही. बर्फ. चालत निघालो, कोपऱ्यावरच्या दुकानदाराने बाईंना फोन केला. त्या छत्री घेऊन आल्या. सगळे किती प्रेमाने – कुणीही रागावत नाही –

२४ नोव्हेंबर, रविवार

फोन लावला. मैत्रेयीने उचलला. मी म्हटलं, मैत्रू, मी बाबा बोलतोय. नीट ऐक –

ती खळखळून हसली. म्हणाली, "काझुमादादा! काय भारी मराठी झालंय रे तुझं! हुबेहूब बाबांसारखं बोलतोस. थांब हं, त्यांनाच देते, जेवतायत."

मागे भांड्यांचा आवाज. मृणाल कुणाला तरी म्हणत होती, अहो, आणखी थोडं घ्या ना. आणि कुणीतरी पुरे म्हणालं – मी म्हणतो तसं, हातही आडवा धरला असेल –

मी फोन ठेवला.

खाली बाई हाक मारतायत. जेवण तयार आहे.

खरं सांगायचं तर मला या घराची भीती नाही वाटत. बाईंची तर नाहीच. दुसऱ्याच्या घरात म्हातारा होईन, तेही सोशीन. काळजी एकच आहे. तिथे माझी कुणी वाट पाहत नाहीये. का पाहतील? मी पोचलोय ना. जेवतोय. शब्द पाळलाय, लेकीला शिकवतोय, आणि ती हसतेय – आणि मला शोधायला म्हणून कुणी कधी –